रडायचं तर मोकळ्या हातानं

किस्से गोळा करावे लागतात असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा आमच्या बॅचला यावं. म्हणजे, येऊ नये! ती वेळ कोणावरच येऊ नये. पण आलीच, तर किस्स्यांची कमी पडणार नाही एवढी गॅरंटी मी देते.

बॅच म्हटलं की लोकांना कॉलेज आठवतं. आमची बॅच डायलिसिसची. मेहकरच्या एका दवाखान्यात, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी. चार खाटा, चार मशिनी आणि समोरच्या भिंतीवर एक टीव्ही. एका हातात दोन सुया गेल्या आणि मशीन सुरू झालं, की चार तास जागचं हलायचं नाही. चार माणसांना चार तास हलू दिलं नाही आणि समोर नव्वदच्या दशकातला कौटुंबिक सिनेमा लावला, की बाकीचं आपोआप होतं.

आधी टीव्हीवर बातम्या लागायच्या. पण बातम्या पाहून सगळ्यांचं बीपी असं चढायचं, की आमच्या शबाना सिस्टरनी एक दिवस रिमोटच खिशात घातला. "या बातम्यावाल्याइच्या पायी मले सगळ्याइचं बीपी दोन-दोनदा घ्यावं लागते! आजपासून बंद!"

मग पहिल्या खाटेवरच्या इंगळे काकांनी पोराकडून एक पेनड्राइव्ह भरून आणला. काका सुलतानपूरचे, रिटायर्ड वायरमन. त्यात सगळे जुने घरगुती सिनेमे. तीन-तीन तासांचे, ज्यात एक मोठं घर असतं, घरात जिना असतो, आणि शेवटी सगळे एका फोटोत मावतात. नावं कोणालाच आठवत नसत, म्हणून आम्ही आमची ठेवली. पंगतीचा सिनेमा. सासूचा सिनेमा. हरवलेल्या बहिणीचा सिनेमा. चार भावांचा सिनेमा, त्यात मोजले तर भाऊ तीनच निघतात, पण नाव पडलं ते पडलं!

*

माझा पहिला दिवस. मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसवायची सवय. त्या दिवशी मीच गप्प. कोणाशी बोलले नाही, कोणाकडे बघितलं नाही. नवरा स्कूटरवरून सोडून बाहेर बसलेला. सुया टोचल्या, मशीन फिरायला लागलं, आणि नळीतून आपलंच रक्त बाहेर जाताना दिसलं तशी मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. आतल्या आत रडत होते. आवाज येऊ नये म्हणून पदर तोंडात.

पहिल्या खाटेवरून आवाज आला, "मॅडम."

मी चादर आणखी घट्ट धरली.

"मॅडम, चादर काढा. चादरीत रडलं की सगळे इचारतात काय झालं म्हणून. सिस्टर येते, डॉक्टर येते, तुमचे साहेब येतात." मग जरा वेळानं, "थोडं थांबा. आता बहिणीच्या पाठवणीचा सीन येऊन राह्यला. तेव्हा रडून घ्या मोकळं. कोणी काऽही इचारत नाही!"

मी चादर काढली. पाठवणी आली. मी जी रडले! तासभर तरी रडले असेन. पाठवणी केव्हाच संपली होती, पडद्यावर विनोदी नोकर पाय घसरून पडत होता, तरी मी रडतच होते.

इंगळे काका म्हणाले, "मॅडम, आता आवरा. आता लोकाइले शंका येईन!"

*

दुसऱ्या खाटेवर जोशी गुरुजी. मेहकरातले जुने पुरोहित. त्यांच्या वडिलांचा सिनेमाला सक्त विरोध, म्हणून त्यांनी आयुष्यात थिएटरची पायरी चढली नव्हती. पासष्टीनंतर त्यांच्या नशिबी सिनेमा आला तो असा, सुया टोचून! सुरुवातीला ते डोळे मिटून जप करायचे. मग एक डोळा मिटून. पुढे जप कधी सुटला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

एक दिवस सिनेमात म्हातारे आईबाप घर सोडून निघतात असा सीन चालला होता. तेवढ्यात गुरुजींचं मशीन बोंबलायला लागलं. टीं टीं टीं! शबाना सिस्टर धावत आल्या. नळी बघितली, सुई बघितली. सगळं जागेवर. अलार्म बंद केला, वळल्या, की पुन्हा टीं टीं टीं!

तिसऱ्यांदा सिस्टर तिथंच उभ्या राहिल्या, आणि मग चोर सापडला. सुयांचा हात वाकवायचा नसतो, वाकवला की आतलं प्रेशर बदलतं आणि मशीन ओरडतं. गुरुजी नेमके त्याच हातानं डोळे पुसत होते!

"गुरुजी, रडून राह्यले काय?"

"छे छे! डोळ्यात धूर गेला."

सिस्टरनी एसी लावलेल्या बंद खोलीत चारही बाजूंना पाहिलं. "धूर? काऊन, इथं कोणी होम पेटवला काय?"

पुढच्या वेळी आलो, तर भिंतीवर सिस्टरच्या अक्षरात कागद चिकटलेला होता. "रडायचं तर मोकळ्या हातानं रडावे." खाली, "हुकमावरून."

एकदा मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी तो कागद वाचला. पुन्हा वाचला. काढायला सांगतील असं वाटलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि "रडायचं"च्या पुढं लिहिलं, "किंवा हसायचं."

*

आम्हा लोकांचा खरा शत्रू मशीन नाही. पाणी! दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं असतं, त्यात चहाही आला, वरणही आलं. आणि मीठ तर जवळजवळ नाहीच. इंगळे काका आणि गुरुजींची दोस्ती याच मिठावरून जमली. गुरुजी पूर्वी बाहेरचं काही खात नसत. एक दिवस त्यांचा डबा घरीच राहिला, तर काकांनी आपली अर्धी भाकर पुढं केली. गुरुजी अवघडले. काका म्हणाले, "घ्या गुरुजी. मिठाबिगर सगळ्याइच्या घरचं सारखंच लागते!"

गुरुजींनी भाकर घेतली. खाऊन झाल्यावर म्हणाले, "इंगळे, खरं सांगू? तुमच्याकडची थोडी बरी आहे."

तर सांगत होते पाण्याचं. मे महिना. बाहेर रस्त्यावरचं डांबर विरघळलेलं. आणि पेनड्राइव्हमधून निघाला पंगतीचा सिनेमा! या सिनेमात पहिल्या अर्ध्या तासात सगळं खानदान दोनदा जेवतं. मोठा भाऊ शेतातून येतो, आणि आई त्याला पितळेच्या उंच पेल्यात ताक देते. वरून लोण्याचा गोळा. कॅमेरा जवळ जातो. पेल्याच्या बाहेरून थेंब ओघळतो. हळूहळू. मोठा भाऊ घट्-घट्-घट् सगळा पेला रिकामा करतो, मिशी पुसतो, आणि म्हणतो, "आई, अजून एक!"

आम्ही चौघांनी ओठांवरून जीभ फिरवली.

इंगळे काका ओरडले, "सिस्टर! बंद करा हा सिनेमा! लय हिंसा आहे याच्यात!"

*

आल्या आल्या आमचं वजन होतं. दोन डायलिसिसच्या मध्ये जेवढं वजन वाढलं, तेवढं पाणी जास्त प्यालं, हा हिशेब साधा आहे. सोमवारी सगळे काट्यावर चढताना चेहरा पाडून चढतात, कारण मध्ये रविवार गेलेला असतो.

एका सोमवारी इंगळे काकांचं वजन भलतंच भरलं. सिस्टरनी कमरेवर हात ठेवले. "काका, काय प्यालं खरं सांगा."

"काही नाही वं माय. घोटभर चहा."

"घोटभर? काका, हा तर विहिरीचा उपसा आहे!"

काका काट्यावरच उभे. विचार केला. म्हणाले, "बरं, एक काम कर. शुक्रवारी बहिणीच्या सिनेमात जे पानी डोळ्यातून गेलं, ते याच्यातून वजा कर!"

*

बहिणीच्या सिनेमावरून आठवलं. हा किस्सा काकांनी स्वतः सांगितलेला, आणि त्यांच्या बायकोनं खरा असल्याचं कबूल केलेला.

तेव्हा काका नवे वायरमन. रविवारी दुपारी टीव्हीवर मराठी सिनेमा लागायचा, आणि सुलतानपुरात ज्यांच्या घरी टीव्ही, त्यांच्या घरी अर्धी गल्ली. त्या रविवारी हरवलेल्या बहिणीचा सिनेमा. दोन तास सगळे रडून झालेले, आता भाऊ आणि बहीण एका जळत्या वाड्यात समोरासमोर येणार, आणि फट्! लाइट गेली.

सगळं गाव काकांकडे वळलं. काकाही तिथंच रडत बसलेले! उठले, हत्यारं घेतली. बिघाड सापडला समाजमंदिराच्या स्लॅबवर आलेल्या वायरमध्ये. स्लॅबला जिना नाही. कोणीतरी आपली शिडी आणली, दोघांनी धरली, काका वर चढले. खाली बाया-माणसं वर तोंड करून उभी. "लवकर करा भाऊ! लवकर करा भाऊ!" काकांनी वायर जोडली, बाजूला झाले, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरच्या माणसाला हात केला, आणि आली की लाइट!

एकच आरडाओरडा झाला. दुसऱ्या मिनिटाला खाली कुत्रंही उरलं नाही. आणि ज्याची शिडी होती तो सवयीनं शिडीही घेऊन गेला!

काका वर. ओरडले, कोणाला ऐकू जाईना, कारण प्रत्येक घरात आवाज फुल. शेवटी बसले स्लॅबवर मांडी घालून. चारी बाजूंनी तोच सिनेमा ऐकू येतो आहे, दिसत मात्र काही नाही. बहिणीची किंकाळी, "दादाऽऽ!" मग धाडकन काहीतरी पडल्याचा आवाज. मग शांतता. मग सगळ्या गावाचं हुंदके देणं. काकांनी वर बसल्या बसल्या ठरवलं, भाऊ गेला. बहिणीला वाचवताना जळता खांब अंगावर पडून गेला. काकाही वर बसून रडले.

सिनेमा संपल्यावर लोक शिडी घेऊन आले. काकांनी कोणाला शेवट विचारला नाही. मनच झालं नाही. पुढं कित्येक वर्षं त्या भावाचं दुःख त्यांनी मनात धरून ठेवलं. आपल्या बहिणीला दर राखीला साडी घेताना म्हणे त्यांना तो आठवायचा.

आणि एका शुक्रवारी तोच सिनेमा आमच्या टीव्हीवर! काका खाटेवर ताठ. जळता वाडा आला. बहीण किंचाळली, "दादाऽऽ!" धाडकन आवाज आला. पडलं होतं कपाट. ते पडलं खलनायकाच्या पायावर. भाऊ बाजूला उभा, केसही विस्कटलेला नाही! दोघं गळ्यात पडले, गाव रडलं ते आनंदानं, आणि पुढच्या सीनमध्ये सगळे शिरा खात होते.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मोकळ्या हातानं, मांडीवर. काकांनी मात्र हात उचलला नाही.

मी म्हटलं, "काका, वाचला ना तुमचा भाऊ! खूश व्हा की!"

काका म्हणाले, "वाचला ते बरंच झालं मॅडम. पण सिनेमा मी स्लॅबवरून पाह्यला तोच भारी होता!"

*

गुरुजींचा दुसरा किस्सा. चार भावांचा सिनेमा. मोठ्या भावाचं लग्न लागतं आहे, भव्य मांडव, फुलं, सनई, आणि सिनेमातले भटजी जोरजोरात मंत्र म्हणताहेत. आम्ही सगळे नवरीचा शालू बघतोय. गुरुजी एकदम उठून बसायला गेले. मशीन टीं टीं!

"थांबवा! थांबवा ते!"

सिस्टर घाबरल्या. "काय झालं गुरुजी? छातीत दुखून राह्यलं काय?"

"अहो, छातीत नाही! तो भटजी बघा काय म्हणतोय! हे लग्नाचे मंत्र नाहीत. हे श्राद्धाचे आहेत!"

सिनेमा मागं नेऊन पुन्हा ऐकला. गुरुजींनी शब्द न् शब्द म्हणून दाखवला. आम्हाला फरक कळला नाही, पण गुरुजींच्या कपाळावर घाम आलेला. "इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही? त्या पोरीचं काय होणार आता?"

सिनेमा पुढं सरकला. मध्यंतराच्या आत धाकट्या जावेच्या कागाळ्यांनी घर फुटलं, धंदा बुडाला, भाऊ भावाशी बोलेनासा झाला, नवरी माहेरी गेली.

गुरुजींनी आम्हा सगळ्यांकडं एकदा शांतपणे पाहिलं. "तुम्ही सगळे धाकट्या जावेला शिव्या देताय. तिची काही चूक नाही!"

*

आमच्यानंतर त्याच खाटांवर दुसरी बॅच येते. ती माणसं जरा लवकर येऊन दाराच्या काचेबाहेर बाकावर बसतात. म्हणजे आमच्या सिनेमाची शेवटची दहा-पंधरा मिनिटं त्यांना फुकटात दिसतात. आणि ते त्यांच्या बॅचला काय लावतात? कीर्तन.

त्यांच्यात एक आजी आहेत, बऱ्याच थकलेल्या, पण नजर पक्की. एकदा मी कापूस दाबून बाहेर पडत होते, तर मला थांबवलं.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा ना आजी."

"तुमी लोक रोज सिनेमा पाहता. मी रोज पाहतो काचेतून. लय महिने झाले." आजी जरा पुढं वाकल्या. "तुमच्या सिनेमात रोज सगळे नुसते एकमेकाइच्या गळ्यात पडतात, आन फोटो काढतात. कोणी भांडत नाही, कोणी रुसत नाही. तुमाले कंटाळा नाही येत का वं?"

त्या दिवसापासून मी एक केलं. जायच्या आधी आजींच्या शेजारी बसून त्यांना त्या दिवसाच्या सिनेमातली भांडणं सांगायची. कोण कोणाला काय बोललं, कोणी ताट भिरकावलं, कोणी घराची वाटणी मागितली. नवरा बाहेर स्कूटर चालू करून हॉर्न वाजवतो, तो वाजवत राहतो. शाळेतही कोणी माझं बोलणं एवढं लक्ष देऊन ऐकलं नाही.

एका सोमवारी आजींचा चेहरा खूप उतरलेला होता. त्यांची सून म्हणाली, सकाळी यायलाच तयार नव्हत्या, "आता पुरे झालं" म्हणत होत्या. मी विचारलं, "मग आलात कशा आजी?"

आजी म्हणाल्या, "शुक्रवारी तू घाईनं गेली ना. थे धाकटी जाऊ दागिने घेऊन गेली म्हणे. कुठं गेली मंग?"

*

चौथ्या खाटेवर प्रणिता. बॅचमधली सगळ्यात लहान, सत्ताविशीची. घरी एक छोटी पोरगी. तिचा या सिनेमांना पहिल्यापासून विरोध. म्हणायची, "हे सगळे माझ्या जन्माच्या आधीचे सिनेमे! यातल्या एकाकडं जरी मोबाईल असता ना, तर दहा मिनिटांत सगळा गैरसमज मिटला असता."

इंगळे काका म्हणाले, "बरोबर आहे बेटा. मोबाईल नव्हता, म्हणून तीन तास चालला सिनेमा. आमचे संसारबी तसेच चालले!"

प्रणितासोबत तिच्या सासूबाई यायच्या, कमलबाई. बारीक चणीच्या, कपाळावर मोठं कुंकू, बोलायला एकदम फटकळ. चार तास बाहेर बाकावर बसायच्या. त्यामुळे सासूचा सिनेमा लावायचा तर आम्हाला जरा धाकधूकच. पण एकदा लागला. आणि काय ती सासू! सुनेच्या हातावर चटका काय देते, तिला गोठ्यात काय झोपवते. आमची खोली पेटली. काका शिव्या देताहेत, गुरुजी संस्कृतात शिव्या देताहेत, मी इंग्रजीत. प्रणिता हसून हसून लाल झालेली.

आणि दार उघडून कमलबाई आत! सुनेसाठी इडली घेऊन आल्या होत्या. टीव्ही बंद करायला रिमोट सापडेना. पडद्यावर सासू अंगणात उभी राहून सुनेच्या नावानं गर्जना करतेय. कमलबाई एका हातात डबा धरून, दुसरा कमरेवर ठेवून, पूर्ण सीन बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "इतल्या जोरात काऊन बोलून राह्यली थे? सुनेले छळाचं असलं तर हळू बोलाव लागते. शेजारी ऐकतात!"

*

प्रणिता आता आमच्या बॅचला नसते. ती गेली, पण बरी होऊन गेली! आमच्याकडं हे वाक्य पूर्ण बोलावं लागतं, अर्ध्यावर सोडलं की समोरच्याचा चेहरा पडतो. तिला किडनी मिळाली, ऑपरेशन होऊन आता बरेच महिने झाले, तब्येत झकास आहे, शिवणकामाचे क्लास पुन्हा सुरू केलेत. परवा आम्हाला भेटायला आली होती. तोंडाला मास्क, कारण तिला कशाचा संसर्ग होऊन चालत नाही. दारातच उभी राहिली. आणि सगळ्यांच्या समोर पाण्याची बाटली उघडून गटागटा प्यायली! इंगळे काका म्हणाले, "पाहा पाहा, माजली पोरगी!" आणि डोळे पुसले. मोकळ्या हातानं.

तिनं सांगितलेला हा किस्सा.

किडनी तिला सासूनं दिली. नवऱ्याचा रक्तगट जुळत नव्हता, वडील नाहीत, आईला शुगर. कमलबाईंचं सगळं जुळलं. पण कायद्यात सासू हे रक्ताचं नातं नाही, म्हणून मोठ्या शहरात एका समितीसमोर जावं लागतं. किडनी कोणी दबावानं देत नाही ना, पैशासाठी देत नाही ना, हे ते लोक तपासतात. त्यांनी नाही म्हटलं, की संपलं.

जायच्या आदल्या दिवशी प्रणिताच्या नवऱ्यानं आईला समोर बसवलं. "माय, तिथं आपल्या घरच्यासारखं बोलू नको. भांडणाचं तर नावच काढू नको. सिनेमातल्या चांगल्या सासू कशा बोलतात, तसं बोलजो. म्हणजो, हे माही सून नाही, लेक आहे." कमलबाईंनी वाटेत बसमध्ये तेच घोकलं.

आत टेबलामागं डॉक्टर आणि एक मोठे साहेब. दोघींना समोर बसवलं. साहेबांनी विचारलं, "तुमचं आणि सुनेचं नातं कसं आहे?"

कमलबाई उभ्या राहिल्या. हात जोडले. "साहेब, ही माझी सून नाही. माझी लेक आहे. आमच्या घरात कधी मोठ्यानं आवाज झाला नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "कधीच नाही?"

"कधीच नाही."

साहेब डॉक्टरांकडं वळले. "हे पाठ करून आल्यासारखं वाटतं." साहेब पुढं म्हणाले, "बाई, इथं असं सगळेच बोलतात. मला खरं सांगा. तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का? मुलानं? कोणी शिकवून पाठवलंय?"

कमलबाईंनी एकदा सुनेकडं पाहिलं. मग खुर्ची ओढून नीट बसल्या.

"हाव, शिकवून पाठवलं. पोट्ट्यानं शिकवलं. आता खरं आयका. रोज भांडतो आमी साहेब! सकाळी चहावरून सुरू होते. ह्या पोरीले चहात अद्रक लागते, मले चालत नाही. नातीचं नाव मी काही ठेवलं, हिनं काही ठेवलं. टीव्हीवरून भांडतो. धुण्यावरून भांडतो. मागच्या वर्षी पोळ्याले भांडलो, तर मी तोंड फिरवून चार दिवस देवळात जेवली. हे बिमार पडली तरी भांडते, मशिनीवरून उतरली की रस्त्यानं भांडत येते. मी माह्या नवऱ्यासंग जितली बोलली नाही, तितली हिच्यासंग भांडली!"

प्रणिता खाली मान घालून बसलेली. सगळं संपलं, असं तिला वाटलं.

साहेबांनी हळूच विचारलं, "मग बाई, जिच्याशी तुमचं एवढं भांडण, तिला किडनी का देताय?"

कमलबाई म्हणाल्या, "मंग कोनाले देऊ साहेब? जिच्यासंग मी बोलतबी नाही, तिले?"